गव्हाची बिअर बाटलीत भरायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? (दोन बाटल्या फुटल्या, एक बरणी गेली)

माळवद
धागा काढायला लाज वाटतेय, पण आता गल्लीभर झालंच आहे.

परवा दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघराच्या फळीवर ठो असा आवाज झाला. आई म्हणाली, सिलिंडर. मी म्हटलं, नाही, बिअर. तेवढ्यात दुसरा ठो. फळीखाली शेंगा चटणीची बरणी होती, आदल्याच दिवशी उखळात कुटून भरलेली. काचा चटणीत गेल्या, सगळी टाकून द्यावी लागली. आई बिअरबद्दल एक अक्षर बोलली नाही. चटणीबद्दल अजून बोलतेय.

आता मूळ गोष्ट. घर सोलापूरच्या साखर पेठेत, जुनं, माळवदाचं. पहिली खेप जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत केली. निम्मा गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), निम्मा बार्लीचा, दहा लिटर. काहीच न कळता केली आणि झकास झाली, केळ्याचा वास, वर पांढरा फेस. त्यामुळे डोक्यात हवा गेली.

दुसरी खेप मार्चअखेर. सुरुवातीची घनता १.०५० (पाण्याची १.०००; साखर आंबत जाते तशी ही उतरते). पाचव्या दिवशी एअरलॉकमधले, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले, बुडबुडे थांबले. सातव्या दिवशी दुपारी हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती काचेची नळी) सोडला, १.०१२ आलं. गव्हाच्या बिअरची शेवटची घनता १.००८ ते १.०१४ असते असं वाचलं होतं, म्हणून लगेच भरून टाकली. ६५० मिलीच्या जुन्या बिअरच्या बाटल्या, प्रत्येकीत दोन चहाचे चमचे साखर, वर झाकण ठोकलं. चौदा भरल्या. पुढचं वर लिहिलंय.

बारा शिल्लक आहेत, त्यांच्याजवळ जायची हिंमत होत नाही. आणि सहा दिवसांपूर्वी तिसरी खेप लावून बसलोय. तिचे आकडे बघा: काल सकाळी सातला १.०१३. दुपारी तीनला १.०१०. म्हटलं उतरतेय, बरं. आज सकाळी परत १.०१३! बिअर उलटी चढते का बे? की माझा हायड्रोमीटर गेला?

फेसाळ_पुणे
आधी त्या बारा बाटल्या. आत्ता हात लावू नकोस. सगळ्यात गार वेळ म्हणजे पहाटे पाच. जाड गोधडी पाण्यात पिळून बाटल्यांवर टाक, मगच जवळ जा. पुढची काच असलेलं हेल्मेट, हातात जाड मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचं काहीतरी. एकेक उचलून क्रेटमध्ये, क्रेट फ्रिजमध्ये. एक दिवस पूर्ण गार होऊ दे. थंड बिअरमध्ये वायू जास्त विरघळून राहतो, बाटलीतला दाब उतरतो. मग झाकण कपड्याखाली किंचित सैल कर, सूं होऊन जाऊ दे, परत सैल कर. घाई नको. हे चेष्टेचं नाही, काचेच्या तुकड्याने डोळा जातो.

गोटीसोडा
फेसाळ बरोबर सांगतोय. आमच्या चुलत्यांचा सोड्याचा धंदा होता. हाताने फिरवायचं मशीन, बाटली लोखंडी पिंजऱ्यात अडकवायची आणि मगच दांडा फिरवायचा. पिंजरा कशाला? भरता भरता फुटायच्या म्हणून. गोटीची बाटली हातात घेऊन बघा, किती जड असते. तरी फुटायच्या. बिअरची वापरलेली बाटली तर दहा वेळा धुतलेली, आपटलेली, कड उडालेली असते. चुलते भरायच्या आधी प्रत्येक बाटलीवर नखाने टिचकी मारायचे. आवाज बद्द आला की बाजूला.

कडक_भाकरी
बुडबुडे थांबले म्हणजे झालं, हा गैरसमज सगळ्यांचाच असतो. माझ्या बादलीचं झाकण एका बाजूने नीट बसत नाही. माझा एअरलॉक तिसऱ्या दिवशीच गप्प होतो, बिअर आत दहा दिवस चालू असते. उलटही होतं. बिअर केव्हाच संपलेली, आणि दुपारी खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो, एअरलॉक परत गुडगुडायला लागतो. पहाटे गप्प. एअरलॉक हवा बाहेर सोडायला आहे, घड्याळ म्हणून नाही.

निवांत_होटगीरोड
मी तर बिअर निवळेपर्यंत थांबतो. वर स्वच्छ दिसली, गाळ खाली बसला की भरायची. सोपं.

फेसाळ_पुणे
निवांतराव, बाकीच्या बिअरला ते एक वेळ चालेल, गव्हाच्याला नाही. ही गढूळच असते. गव्हातली प्रथिनं आणि तरंगणारं यीस्ट, दोन्ही मिळून तो दुधाळपणा येतो. हिचं जर्मन नाव हेफेवाइझेन, त्यातलं हेफे म्हणजे यीस्ट आणि वाइझेन म्हणजे गहू. नावातच गाळ आहे! निवळायची वाट बघत बसलात तर गड्डा येईल पुढच्या वर्षीचा.

ब्रिक्सअण्णा
मी जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काढली. बिअर कधी केली नाही, पण हायड्रोमीटर माझ्या हातातून हजारांनी गेले. माळवद, बाळा, तुझी बिअर चढलीही नाही आणि उतरलीही नाही. ऊन चढलं आणि उतरलं.

हायड्रोमीटरच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात तापमान छापलेलं असतं. तुझ्यावर बहुतेक २० अंश असेल, बघ. त्याच तापमानाला तो खरं बोलतो. द्रव गरम झाला की पसरतो, हलका होतो, हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि आकडा कमी दाखवतो. कारखान्यात आमचे ब्रिक्सचे, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण मोजायचे, हायड्रोमीटर २७.५ अंशांना बेतलेले असायचे, आपल्या हवेसाठी. तरी रसाचं तापमान लिहिल्याशिवाय नुसता ब्रिक्सचा आकडा रजिस्टरवर चढवला तर आमचे साहेब पान फाडायचे.

तुझा नमुना सकाळी साधारण २७ अंशांना असेल. तिथे हजारात पावणेदोन मिळवायचे. दुपारी ३६ अंश, तिथे साडेचार मिळवायचे. म्हणजे सकाळचे १.०१३ खरे १.०१५ च्या आसपास, आणि दुपारचे १.०१० खरे १.०१४५. एकच झाले की नाही?

खात्री करायची तर साध्या पाण्यात सोड. २० अंशांच्या पाण्यात १.०००. दुपारी माठाबाहेर ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यात सोडलास तर ०.९९५-९६ दिसेल. पाणी काही आंबत नाही.

माळवद
अण्णा, आत्ता उठून केलं. कागदावर २०°से. छापलंय, मी वर्षभर ते बघितलंच नव्हतं. बाहेरच्या हंड्यातलं पाणी ३५ अंश (आईचा तापाचा थर्मामीटर, मोठा आकडा आल्यावर तिने हिसकावून घेतला), हायड्रोमीटरवर ०.९९६. हात जोडले.

म्हणजे दुसरी खेप दुपारी १.०१२ वाटली ती खरी १.०१६ होती?

ब्रिक्सअण्णा
होय. आणि आता पुढचा हिशेब कर, म्हणजे बाटल्या का फुटल्या ते कळेल. फेसाळ, चुकलं तर सांगा, हे मी काल रात्री वाचून काढलंय.

बिअरमधला वायू ते लोक व्हॉल्यूममध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू म्हणजे एक व्हॉल्यूम. लिटरला साधारण चार ग्रॅम साखर आंबली की एक व्हॉल्यूम. तुझे दोन चमचे म्हणजे नऊ-एक ग्रॅम, ६५० मिलीत. लिटरला पडले चौदा. म्हणजे साडेतीन व्हॉल्यूम. बिअरमध्ये आधीचा विरघळलेला वायू तुझ्या उन्हाळ्यात साधारण ०.६. झाले ४.१. ही नुसती साखर.

आता १.०१६ ला भरलीस आणि ती १.०१२ पर्यंत जाणार होती असं धर. चार पॉइंट, म्हणजे हजारातले चार, राहिले. एका पॉइंटला जवळजवळ अर्धा व्हॉल्यूम. म्हणजे आणखी दोन. एकूण सहा.

फेसाळ_पुणे
हिशेब चोख. साध्या बिअरच्या बाटलीत मी तीनच्या वर कधी जात नाही. गव्हाची बिअर जर्मनीत साडेतीन-चारपर्यंत नेतात, पण त्यांच्या बाटल्या जाड असतात. माळवदने दोन वेगळ्या चुका एकाच बाटलीत भरल्या. एकच केली असती तर कदाचित नुसती फेसाळली असती. दोन्ही केल्या.

शिवाय बाटल्या एकसारख्या नाहीत. चमच्याने साखर टाकली की कुठे सपाट चमचा, कुठे शीग. त्यामुळे दोनच फुटल्या, बारा वाचल्या.

ऊसवाला_माढा
माझ्याकडे उसाचं ब्रिक्स बघायचं हातातलं रिफ्रॅक्टोमीटर आहे. दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरायचं. त्यात तापमानाची भरपाईपण आपोआप होते म्हणतात. त्यावर बघ ना.

कडक_भाकरी
दादा, आंबवायच्या आधी उत्तम. नंतर अल्कोहोल मध्ये येतं आणि रिफ्रॅक्टोमीटर फसतो, आकडा फुगवून दाखवतो. १.०१२ ला संपलेली बिअर त्यावर साडेसहाच्या आसपास ब्रिक्स दाखवेल आणि माणूस म्हणेल अजून निम्मी साखर शिल्लक आहे. पण एक उपयोग आहे. आज साडेसहा, तीन दिवसांनी साडेसहा, म्हणजे हालचाल थांबलेली. किती उतरली ते विचारू नका, उतरतेय का एवढंच विचारा.

सुमनकाकू
मध्येच विचारते, रागावू नका. आम्ही कुरडईला गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, त्यालाही फेस येतो, आंबूस वास येतो. ती पण बिअरच का मग? आमच्या सासूबाई ऐकतील तर काय म्हणतील!

कडक_भाकरी
नाही काकू, निर्धास्त राहा. कुरडईच्या गव्हात आंबटपणा करणारे जिवाणू काम करतात आणि आपल्याला हवं असतं पिष्ट, म्हणजे चीक. बिअरला गहू आधी मोड आणून वाळवतात, म्हणजे माल्ट. मोड येताना दाण्यात जे विकर तयार होतात ते गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात. मग ती साखर यीस्ट खातं. नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, तिथपर्यंत रस्ता एकच.

सुमनकाकू
बरं. चटणीचं वाईट वाटलं हो.

फेसाळ_पुणे
माळवद, मूळ प्रश्नावर येतो. मी काय करतो ते सांगतो.

गव्हाच्या बिअरला आठवा दिवस उजाडेपर्यंत मी झाकण उघडतच नाही, दर वेळी उघडलं की काहीतरी आत जातं. आठव्या दिवशी नमुना काढतो. दोन पेल्यांत चहा गार करतात तसा आठ-दहा वेळा इकडून तिकडे ओततो, कारण ताज्या नमुन्यातले बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटतात आणि त्याला वर उचलतात, आकडा खोटा चढतो. मग पेला झाकून २० अंशांपर्यंत गार करतो. सोलापुरात त्यासाठी फ्रिज लागेल, इलाज नाही. हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवून सोडायचा, थांबला की डोळा पातळीला आणून वाचायचा. आकडा लिहायचा. तीन दिवसांनी परत तेच, त्याच तापमानाला. दोन्ही एक आले आणि आकडा अपेक्षेच्या जवळ असला तर भरायची. एक आले पण आकडा वर असला, समजा १.०२०, तर ती संपलेली नाही, अडकलेली आहे. तिला भरणं म्हणजे परत चटणी.

नमुना परत बादलीत ओतायचा नाही. प्यायचा. गोडूस, पिठूळ लागला तर थांबायचं.

माळवद
पण अपेक्षा किती ते कसं कळणार? १.०१२ हे मी दुसऱ्याच्या अनुभवावरून धरलंय.

फेसाळ_पुणे
याला तुझं शहर फार सोयीचं आहे. दीडशे मिली नमुना स्टीलच्या पेल्यात घे, त्यात तेच यीस्ट चिमूटभर जास्तीचं टाक, झाकून फ्रिजच्या डोक्यावर ठेव, येताजाता हलव. दोन दिवसांत त्यातली आंबण्यासारखी सगळी साखर संपते. तो आकडा म्हणजे तुझ्या बिअरचा तळ. बादली त्या तळाला पोहोचली की काम झालं. आम्हाला पुण्यात थंडीत ह्या पेल्यासाठी उबदार जागा शोधावी लागते. तुमच्याकडे ३६ अंश फुकट!

एक सावधगिरी. गव्हाच्या आणि बेल्जियन धाटणीच्या बिअरसाठी मिळणाऱ्या काही यीस्ट डायस्टॅटिकस जातीच्या असतात. साध्या यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्यासुद्धा त्या हळूहळू तोडून खातात, आठवडेच्या आठवडे. आकडा तीन दिवस थांबल्यासारखा वाटतो आणि पंधरा दिवसांनी दोन पॉइंट खाली. पाकिटावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, वाच. तशी असेल तर दोन नोंदींमध्ये आठवडा जाऊ दे.

माळवद
बघितलं. माझी साधी आहे. पण पाकीट कुरिअरवाल्याकडे दोन दिवस उन्हात पडून होतं. दुसऱ्या खेपेला उशीर लागला तो त्यामुळे असेल.

ब्रिक्सअण्णा
असेल. आणि बादली कुठे ठेवतोस?

माळवद
माळवदाच्या खोलीत, तिथे वरच्या स्लॅबच्या खोलीपेक्षा खूप गार. पण एप्रिलात तिथेही ३३. आता परातीत पाणी, त्यात बादली, बादलीभोवती आमची जुनी चादर ओली करून, टोकं परातीत बुडवून. समोर टेबल फॅन. हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडतं, बादलीवरची पट्टी २७ दाखवते. सोलापुरी चादर अंगावर घ्यायची सोय मार्च ते जून नसतेच, तिला हे काम बरं. फक्त पाणी येतं त्या दिवशीच परात भरायची परवानगी आहे.

फेसाळ_पुणे
२७ सुद्धा ह्या यीस्टला जास्तच. तिला १८ ते २२ मानवतं. गरम झाली की आधी केळं वाढतं, मग लवंगेचा वास दबतो, आणि त्याच्या पुढे नेलपॉलिश. म्हणून तुझी जानेवारीची खेप न कळता चांगली झाली. हुरड्याच्या दिवसांत बिअर करायची, हुरडा संपला की बादली पालथी घालायची.

काळा_कोट
सगळे रंगात आलेत म्हणून एक खडा टाकतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, दहा लिटर असो की दहा हजार. पिण्याचं परमिट खिशात असलं म्हणजे करायची परवानगी मिळाली असं होत नाही. माळवद, ‘गल्लीभर झालंय’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं.

माळवद
वकीलसाहेब, खरंच माहीत नव्हतं. मी धरून चाललो होतो की विकलं नाही तर चालतं. ही खेप शेवटची. हायड्रोमीटर आल्याच्या सोड्याला वापरतो.

गोटीसोडा
आल्याच्या सोड्याच्या पण बाटल्या फुटतात हां. काचेला कायदा कळत नाही.

ब्रिक्सअण्णा
बारा बाटल्यांचं काय झालं?

माळवद
पहाटे पाचला हेल्मेट, गोधडी, सगळं सोंग केलं. शेजारचे आजोबा फिरायला निघाले होते, खिडकीतून बघून परत घरात गेले. फ्रिजमध्ये एक दिवस, मग कपड्याखाली एकेक झाकण सैल केलं. अकरा सुटल्या, एकीचं झाकण हातातून उडून कोनाड्यात गेलं. अर्ध्याअधिक बिअरचा नुसता फेस झाला. उरलेली प्यायलो, चव वाईट नव्हती, नेलपॉलिशचा थोडा वास होता हे कबूल.

माळवद
(दहा दिवसांनी)
तिसऱ्या खेपेचा अहवाल. नववा दिवस, नमुना २० अंशांना, चहासारखा ओतून: १.०१२. फ्रिजच्या डोक्यावरचा पेला: १.०१२. बारावा दिवस, परत २० अंशांना: १.०१२. हे तीन आकडे मी वहीत लिहिलेत, शेजारी तापमान, अण्णांच्या साहेबांच्या भीतीने.

साडेनऊ लिटर हाती आली. २.८ व्हॉल्यूम धरलं, आधीचे ०.६५ वजा केले, लिटरला ८.६ ग्रॅम, म्हणजे ८२ ग्रॅम साखर. वजन सोनाराच्या काट्यावर नाही, आईच्या किचन काट्यावर. कपभर पाण्यात उकळून, गार करून स्वच्छ बादलीत घातली आणि नळीने बिअर तिच्यावर सोडली, म्हणजे सगळीकडे सारखी. चमचा वापरला नाही. प्रत्येक बाटलीला गोटीसोडांच्या चुलत्यांची टिचकी मारली, तीन बाद केल्या. फेसाळने फोनवर सांगितल्याप्रमाणे एक बाटली प्लास्टिकची भरली, कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची. ती चौथ्या दिवशी दगडासारखी टणक झाली, दाबून दबेना. तेव्हाच बाकीच्यांतही वायू धरला असं समजून सगळ्या फ्रिजमध्ये हलवल्या. भाजी सध्या माठाशेजारी.

सुमनकाकू
आणि चटणीची बरणी?

माळवद
नवी आणली काकू. आईने स्टीलची घेतली.